१०३-९७ ला लाईट गेली

एरवी मी या पानावर टोरांटोचं थंडीपुराण लावतो. या खेपेला लिहितोय घरून, मालवणच्या ओटीवर बसून. समोर समुद्र नुसता उसळतोय. वायू नावाचं वादळ लांबून गुजरातकडे चाललंय म्हणे. मिरग लागून चार दिवस झाले, पाऊस अजून नीट धरत नाही. होड्या एक जूनपासूनच वर ओढून ठेवल्यात. इतकं सगळं समोर असताना माझ्या डोक्यात कालपासून टोरांटोच आहे. तिथे असताना उलटं व्हायचं.

विमानाची तिकिटं जानेवारी २०१९ मध्ये काढली होती. शेवटचे आंबे गाठायचे, मिरगाचा कोंबडा खायचा आणि जूनच्या मध्याला परत. जानेवारीत कोणाला ठाऊक होतं रॅप्टर्स, म्हणजे आमचा टोरांटोचा बास्केटबॉल संघ, एनबीए लीगच्या फायनलला जाईल म्हणून? १९९५ पासून संघ आहे, एकदाही गेले नव्हते. १२ मेला फिलाडेल्फियाविरुद्ध सातव्या मॅचमध्ये शेवटच्या क्षणी आमच्या कवाय लेनर्डने चेंडू फेकला. तो रिंगवर चार टप्पे खाऊन आत पडला, तेव्हा मी स्कारबरोच्या घरात सोफ्यावर उभा होतो. बायको शांतपणे म्हणाली, "आता तिकिटांचं काय करणार?"

काही केलं नाही. आईला तारीख सांगून झाली होती.

तसं गैरसोयीचं काही नव्हतं. टोरांटोत रात्री नऊला सुरू होणारी मॅच इथे सकाळी साडेसहाला. आमच्या घरात सगळे पाचला उठतात. त्यामुळे परवाच्या सोमवारची, म्हणजे आपल्या मंगळवारची, फायनलची पाचवी मॅच बघायला टीव्हीसमोर बाबा, आप्पा म्हणजे माझे मोठे काका, भाचा आणि मध्ये मध्ये घावण्यांची ताटली घेऊन येणारी काकी, असा सगळा मेळा जमला होता. टोरांटो ३-१ ने पुढे. ही जिंकली की संपलं, तेही घरच्या मैदानावर. बाबांना मी आधीच्या मॅचलाच खेळ समजावला होता. रिंग आणि जाळी बघून ते म्हणाले होते, "म्हणजे झेलाच, पण खालून फाटलेलो." (झेला म्हणजे आंबे उतरवायची काठीची जाळी.) यापेक्षा चांगली व्याख्या मी कॅनडातही ऐकली नाही. नेस्मिथ नावाच्या ज्या माणसाने १८९१ मध्ये हा खेळ काढला, त्याने पीच फळांच्या टोपल्याच टांगल्या होत्या, आणि तो जन्माने कॅनडाचा. हे मी घरात किमान चार वेळा सांगितलं. चौथ्या वेळी भाच्याने हेडफोन लावले.

मुद्दा मात्र वेगळाच आहे. मॅच आम्ही एका गुणाने हरलो, १०५-१०६. त्याचं पोस्टमॉर्टेम करतोच पुढे. पण त्याआधी दुसऱ्या क्वार्टरमध्ये जे झालं ते.

समोरच्या संघाचा, गोल्डन स्टेटचा, केव्हिन ड्युरंट महिनाभर पोटरीच्या दुखापतीने बाहेर होता. या मॅचला आला. बारा मिनिटं खेळला, अकरा गुण, लांबून मारलेले तिन्हीच्या तिन्ही आत. आमच्या पोटात गोळा. आणि मग दुसऱ्या क्वार्टरमध्ये चेंडू टप्प्यावर घेऊन वळताना त्याचा पाय गेला. टाचेवरची शीर. माणूस खाली बसला, पाय धरून. आणि स्टेडियममधून टाळ्या आल्या. ओरडा आला. बाय-बाय म्हणून हात हलवणारे लोक कॅमेऱ्यात दिसले.

आप्पा खुर्चीत पुढे सरकले. "तो पडलो मां? मगे तुझे लोक टाळ्ये कित्याक वाजवतत?"

'तुझे लोक.' आठ वर्षं मी या घरात फोनवरून 'आमच्या टोरांटोत' असं म्हणत आलोय. आमच्या टोरांटोत कोणी हॉर्न वाजवत नाही. आमच्या टोरांटोत मागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवतात. आमच्या टोरांटोत तुम्ही त्यांच्या पायावर पाय दिलात तरी सॉरी तेच म्हणतात. आप्पांनी हे सगळं मुकाट्याने ऐकून घेतलेलं. आता त्यांनी विचारलं, त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मी म्हटलं, "धीर देतत तेका, आप्पा."

हे अर्धवट खरं होतं. नंतर धीर दिलाच. रॅप्टर्सच्याच लावरी, इबाका, डॅनी ग्रीन यांनी प्रेक्षकांकडे हात करून 'काय चाललंय, थांबा' असं खुणावलं, आणि मग तेच वीस हजारांचं स्टेडियम त्याच्या नावाचा गजर करायला लागलं. मी आप्पांना ते दाखवलं, आवाज वाढवून दाखवला. बघा, खेळाडूंनी थांबवलं! प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने स्वतःच्या प्रेक्षकांना दटावणारे खेळाडू तुम्ही कुठे पाहिलेत? आणि ओरडणारे किती? मूठभर. जे फायनलची तिकिटं घेऊ शकतात ते खरे प्रेक्षकच नव्हेत, बँकांमधले साहेब. खरे लोक बाहेर चौकात, ज्याला आम्ही जुरासिक पार्क म्हणतो तिथे, पडद्यासमोर पावसात उभे असतात.

(बाहेरच्या चौकातही काही जण नाचले, हे मी नंतर व्हिडिओत पाहिलं. आप्पांना ते सांगितलेलं नाही.)

आप्पा म्हणाले, "दशावतारात राकेस पडलो तर लोका हसतत. पण नट खराच पाय मोडान पडलो तर पेटी थांबता."

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण तेव्हा दिलं नाही. इथे देतो. मी बारावीत असताना वाडीच्या अंडरआर्म टूर्नामेंटच्या फायनलला शेजारच्या वाडीचा एक फिल्डर रस्सीवर आपटला आणि त्याचा खांदा निखळला. कॅच सुटला म्हणून आमच्या पोरांनी पिपाण्या वाजवल्या होत्या. मीही. आप्पा त्या टूर्नामेंटचे खजिनदार, तिथेच टेबलामागे बसलेले. तेव्हा पेटी थांबली नव्हती हो. आता हेही खरं की मॅच तिथेच सोडून त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेणारे आप्पाच होते, आणि बक्षिसाच्या पैशातले काही त्याच्या औषधाला गेले म्हणून आमचा कॅप्टन आठवडाभर फुगून बसला होता. पण पिपाण्या वाजल्या होत्या, एवढंच माझं म्हणणं.

आता मॅच. तिसऱ्या क्वार्टरचं काही सांगत नाही, आम्ही मागेच होतो. चौथ्यात कवाय जागा झाला. हा माणूस हसत नाही, बोलत नाही, आमच्याकडच्या तांडेलासारखा, पाण्याकडे बघत राहतो आणि वेळ आली की एकदम जाळं टाकतो. त्याने एकट्याने ओळीने दहा गुण केले. १०३-९७, साडेतीन मिनिटं बाकी. काकीसुद्धा कालथा हातात घेऊन दारात उभी. भाचा मला मिठी मारायला उठला.

आणि तीन मिनिटं पाच सेकंद राहिलेली असताना आमचे कोच निक नर्स यांनी टाइमआउट घेतला. तो संपता संपता आणखी एक.

आणि लाईट गेली.

खोटं वाटेल, पण कोकणातल्या वाचकाला वाटणार नाही. वारा सुटला होता, कुठेतरी माडाचं झावळं तारेवर पडलं असणार. "जिंकलंव मां?" बाबांनी अंधारात विचारलं. मी म्हटलं, जिंकलंव. सहा गुण पुढे, आपल्या घरी, कवाय पेटलेला. त्या अंधाऱ्या खोलीत माझ्या आयुष्यातली सर्वात सुखाची पाच-सात मिनिटं गेली. मोबाइलवर गोल गोल चाक फिरत होतं. मी बाबांना सांगत होतो की २०१६, २०१७, २०१८ अशी तीन वर्षं क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सने आम्हाला कसं रडवलं. गेल्या वर्षी पहिलीच मॅच घरच्या मैदानावर एका गुणाने, ११२-११३, घालवली तेव्हा मी ऑफिसला कसा सुट्टी टाकून झोपून राहिलो. आता ते सगळं फिटलं.

लाईट आली तेव्हा पडद्यावर १०३-१०६ होतं.

त्यांचा थॉमसन, करी, पुन्हा थॉमसन. लांबून तीन थ्री, प्रत्येकाचे तीन, असे नऊ गुण. आमचा एकही नाही. मग काय काय झालं ते तुम्ही पाहिलं असेल. त्यांच्या कझिन्सने रिंगवरच्या चेंडूला हात लावल्यामुळे आम्हाला दोन गुण मिळाले, १०५. पुन्हा त्याच कझिन्सचा फाउल, चेंडू आमच्याकडे. शेवटची पंधराएक सेकंदं. कवायवर दोघे धावून आले, त्याने चेंडू सोडला, व्हॅनव्लीटकडून तो डाव्या कोपऱ्यात लावरीकडे. लावरीने मारला. त्यांच्या ड्रेमंड ग्रीनच्या बोटाचं टोक लागलं. नखाएवढं. चेंडू कुठल्या कुठे.

कवायने स्वतः मारायला हवा होता, असं टोरांटोतले माझे सगळे मित्र म्हणतायत. मला नाही पटत. दोघे अंगावर असताना मोकळ्या माणसाला देणं यात चूक काय? आणि लावरीने चेंडू नीटच मारला होता.

माझा राग आहे तो टाइमआउटवर. नियम असा की शेवटच्या तीन मिनिटांत कोणालाही दोनच टाइमआउट ठेवता येतात. नर्सकडे जास्तीचे होते, तीन मिनिटांची रेघ ओलांडली की बुडाले असते. म्हणून आधीच वापरून टाकले, खेळाडूंना दम मिळावा म्हणून. त्याने नंतर सांगितलंही तसंच. आता मला सांगा, नासेल म्हणून कोणी पोट भरलेलं असताना जेवतं का? (आपल्याकडे जेवतात. लग्नात मीही जेवतो. आणि मग रात्रभर काय होतं तेही ठाऊक आहे.) दम आमच्या खेळाडूंना हवा होता की करी-थॉमसनला? कवायच्या हातात त्या वेळी देवच आला होता. अंगात आलेल्या माणसाला मधेच कोणी पाणी पाजून खुर्चीत बसवतं? ढोल थांबवला तुम्ही, दोनदा.

माझा हा राग भाच्याने दुपारी फोनवर आकडे काढून कापला. तो कुडाळला कॉमर्स शिकतो, त्याला रॅप्टर्सचं काही पडलेलं नाही. गोल्डन स्टेटने लांबून ४२ मारले, २० घातले. आपण ३२ मारले, घातले ८. "मामा, तिथेच छत्तीस गुणांचो फरक. टाइमआउटाचा काय सांगतंस?" बरोबर आहे त्याचं. आठ! स्वतःच्या घरी, स्वतःच्या रिंगवर. ड्युरंटचे तीन सोडले तरी त्यांनी सतरा घातले, म्हणजे तो पडल्याने आम्हाला फायदा झाला असंही नाही. तरीही मी टाइमआउटच धरून बसणार. बत्तीसात आठ यावर कोणाशी भांडायचं?

घरच्या मैदानाचा तर आम्हाला शापच असावा. आज ज्याला एनबीए म्हणतात त्या लीगची पहिलीवहिली मॅच १ नोव्हेंबर १९४६ ला टोरांटोतच झाली होती, मेपल लीफ गार्डन्समध्ये. यजमान हस्कीज ६६, न्यूयॉर्क ६८. इतिहासातला पहिला घरचा पराभवही आमचाच. या फायनलमध्येही पाचपैकी एकच मॅच यजमानांनी जिंकलीय. गोल्डन स्टेटच्या घरी, ओकलंडला जाऊन आम्ही दोन जिंकलो, घरी तीन खेळून दोन हरलो. बाहेर गेलेला माणूस बरा खेळतो, घरी आला की त्याचं काय होतं देव जाणे. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघून नुसते हसले, आणि सुपारी कातरत राहिले.

सहावी मॅच ओकलंडला, शुक्रवारी सकाळी साडेसहाला. त्या वेळी मी विमानात असणार. उद्या कुडाळहून सकाळची गाडी धरायची होती, पण वादळाचं ऐकून आईने आजच निघायला लावलंय. म्हणजे ज्या एका मॅचसाठी मी चार वर्षं कडाक्याच्या थंडीत वरच्या शेवटच्या रांगेत बसलो, ती ना टोरांटोत बघणार, ना मालवणात. भाच्याला सांगितलंय, स्कोअर पाठवून ठेव, उतरलो की बघेन. तो म्हणाला, पाठवतो, पण उठेन याची गॅरंटी नाही.

आत्ता बॅग बांधताना आप्पा आले. कोकमाची पिशवी दिली, आणि दारातच थांबले.

"तू जा. मी बघतलंय मॅच. इन्व्हर्टर चार्ज करून ठेवलंय."

मी म्हटलं, "आप्पा, तुमका कशाक त्रास?"

"त्रास कसलो. पण कोण पडलो तर मी मूठ वळूचंय नाय, तुझ्यासारखी. सांगान ठेवतंय."

मी मूठ वळली होती. ड्युरंट खाली बसला त्या क्षणी, टाळ्या ऐकू यायच्याही आधी, गुडघ्याशी, कोणाला दिसणार नाही अशी.