मोठ्या रिफ्रॅक्टरचा शोध: १५० वरून १३० वर का आले

तर मंडळी, ८० एमएम वरून मोठ्या रिफ्रॅक्टरवर (भिंगांची दुर्बीण, एमएम म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास) जायचं हे कधीचंच ठरलं होतं, आता निर्णय पक्का झालाय म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय, याच टप्प्यावर अडकलेले बरेच जण आहेत. आधी निकाल सांगते: १५० यादीतून गेला, १२० डबलेट (दोन काचांची लेन्स) शेवटपर्यंत टिकला, आणि १३० एमएम एफ/७ (फोकल लेंथ व्यासाच्या सातपट) ट्रिपलेट म्हणजे तीन काचांचा फायनल केला.

८० का पुरेना, तर गॅलेक्सी. ४८० एमएम फोकल लेंथवर देवयानी, मृगातला तेजोमेघ, हंसातली मोठी नेब्युलॉसिटी छान येते, पण श्यामशबल तारकासमूहातली एम५१ ही सर्पिल गॅलेक्सी घेतली की ती फ्रेममध्ये कुठेतरी मधोमध छोटीशी दिसते. हिशोब सोपाय, पिक्सेल साइज गुणिले २०६ भागिले फोकल लेंथ. माझा कॅमेरा ३.७६ मायक्रॉनचा, म्हणजे ८० वर साधारण १.६ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) प्रति पिक्सेल, आणि एम५१ साधारण ११ आर्कमिनिट लांब म्हणजे जेमतेम ४०० पिक्सेल. तेच ९१० एमएम वर ०.८५ आर्कसेकंद पडतात आणि गॅलेक्सी पावणेआठशे पिक्सेलची होते. सर्पिल भुजांमधल्या धुळीच्या रेषा बघायच्या तर एवढं तरी पाहिजेच.

"मग न्यूटोनियन घे ना, २०० एमएम मध्ये दुप्पट प्रकाश" हे मला सगळ्यांनी सांगितलं (न्यूटोनियन म्हणजे आरशांची दुर्बीण) आणि ते बरोबरच आहे, १३० च्या तुलनेत दुपटीपेक्षाही थोडा जास्तच. पण मला एकाच नळीत दोन्ही पाहिजे, फोटो पण आणि डोळ्याने बघणं पण, आणि रिफ्रॅक्टरमध्ये मध्ये सेकंडरी मिररची सावली नसल्यामुळे गुरूचे पट्टे आणि जोडतारे ज्या कॉन्ट्रास्टने दिसतात ते मला सोडवत नाही. शिवाय दर वेळी कोलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) करत बसायचं नाही. हा आवडीचा प्रश्न आहे, यात वाद घालण्यासारखं काही नाही.

१५० अ‍ॅक्रोमॅट

सुरुवात इथून झाली कारण ओळखीतल्या एका दादांकडे १५२ एमएम एफ/८ दोन साध्या काचांचा अ‍ॅक्रोमॅट आहे आणि त्यांनी मनसोक्त बघू दिलं. चंद्र बघितला आणि बोलायलाच सुचेना, टर्मिनेटरवरच्या (उजेड-अंधाराच्या सीमेवरच्या) विवरांच्या कडा इतक्या धारदार. पण अभिजित लावला की भोवती जांभळा हॅलो, चांगलाच मोठा. हे दोष दुर्बिणीचे नाहीत, दोन काचांच्या लेन्सचं गणितच तसं आहे, क्राउन आणि फ्लिंट मिळून दोन रंग एका जागी आणता येतात, उरलेले रंग थोडे मागेपुढे फोकस होतात. जुना नियम असा की रंग फारसा जाणवू नये असं वाटत असेल तर एफ नंबर इंचातल्या अ‍ॅपर्चरच्या निदान तिप्पट हवा. सहा इंचाला एफ/१८ म्हणजे पावणेतीन मीटरची नळी! यर्क्सच्या ४० इंची रिफ्रॅक्टरची (१८९७ चा, आजही जगातला सगळ्यात मोठा) फोकल लेंथ १९ मीटरच्या वर का आहे ते यावरून कळतं.

एक गोष्ट मात्र अ‍ॅक्रोमॅटच्या बाजूने सांगायलाच हवी, नॅरोबँड (रंगाचा एकच अरुंद पट्टा) मध्ये हा दोष जवळपास निघून जातो, कारण हायड्रोजन-अल्फा फिल्टरमधून एकाच तरंगलांबीचा प्रकाश येतो, मग बाकीचे रंग कुठे फोकस होतात याला महत्त्वच नाही. ज्यांना फक्त तेजोमेघ करायचेत त्यांनी हा पर्याय उडवून लावू नये. मला गॅलेक्सी म्हणजे ब्रॉडबँड (सगळे रंग), त्यामुळे बाद.

१५० ट्रिपलेट

यावर जीव होता. स्काय-वॉचर एस्प्रिट १५० (१०५० एमएम, एफ/७) च्या वर्गातल्या ट्रिपलेट मनात होत्या. नुसती नळीच १४-१५ किलोच्या आसपास, त्यावर रिंग्ज, डव्हटेल (माउंटवर बसणारी पट्टी), गाइडस्कोप, कॅमेरा, फिल्टर व्हील, मोटर फोकसर. माझ्या माउंटचा (दुर्बीण धरून फिरवणारा भाग) पेलोड २० किलो, आणि फोटोग्राफीला त्याच्या अर्ध्या ते दोन तृतीयांशापर्यंतच जावं असं म्हणतात, म्हणजे कागदावरच गणित बसत नाही. पण वजनापेक्षा लांबी जास्त त्रास देते हे मला तो स्कोप प्रत्यक्ष उचलेपर्यंत नीट उमगलं नव्हतं. लेन्स एका टोकाला, कॅमेरा दुसऱ्या टोकाला, दोन्ही अक्षापासून लांब, त्यामुळे वाऱ्याची जराशी झुळूक आली की सगळा भार टॉर्क होऊन माउंटवर येतो. न्यूटोनियन किंवा कॅसेग्रेन मध्ये तेवढंच वजन असलं तरी एवढा त्रास होत नाही.

आणि उंची! रिफ्रॅक्टर डोक्यावर रोखला की आयपीस गुडघ्यापाशी येतो म्हणून ट्रायपॉड उंच करावा लागतो, ट्रायपॉड उंच केला की नळी माउंटवर चढवताना हात खांद्याच्या वर जातात. अंधारात, हेडलॅम्पच्या लाल उजेडात, एका हाताने नळी धरून दुसऱ्या हाताने डव्हटेलचा क्लँप आवळायचा. दोघं असलो तर ठीक, मी बहुतेक रात्री एकटीच असते. वर खमध्याजवळचं टार्गेट असलं की कॅमेऱ्याचं टोक ट्रायपॉडच्या पायाला लागतं की काय ही धाकधूक, त्यासाठी पियर एक्स्टेन्शन, म्हणजे अजून उंच.

बदल्यात मिळतं काय? १३० पेक्षा ३३ टक्के जास्त प्रकाश. डॉज लिमिट (जवळचे दोन तारे वेगळे दिसण्याची मर्यादा) १३० ला ०.८९ आर्कसेकंद आणि १५० ला ०.७७. पण माझ्याकडच्या आकाशात लाँग एक्स्पोजरला तारे अडीच-तीन आर्कसेकंदाचे येतात, त्यात हा फरक कुठल्या कुठे विरघळून जातो. ज्यांच्याकडे कायमची ऑब्झर्वेटरी आहे, पियर रोवलेला आहे आणि सीइंग (हवेची स्थिरता) खरंच चांगलंय त्यांनी १५० जरूर घ्यावा, मी पण घेतला असता. दर वेळी सामान बाहेर काढून लावायचं असेल तर १३० वर थांबा असंच मी सांगेन.

१२० डबलेट की १३० ट्रिपलेट

इथे खरा वेळ गेला. अ‍ॅपर्चरचा फरक १७ टक्के, म्हणजे त्यावर ठरवण्यात अर्थ नाही. डबलेट हलका, लवकर थंड होतो, आणि एफपीएल-५३ ही रंगदोष कमी करणारी काच असलेला चांगला डबलेट डोळ्याने बघताना ट्रिपलेटपेक्षा कमी आहे असं मला एकदाही वाटलं नाही. नुसतं बघायचंच असतं तर तोच घेतला असता.

फरक दिसला कृत्तिकांच्या फोटोत. आपल्या डोळ्याला ४३० नॅनोमीटरच्या खाली फारसं कळत नाही पण सेन्सरला व्यवस्थित कळतं, आणि कृत्तिका म्हणजे निळ्या ताऱ्यांचाच गुच्छ. मोनो कॅमेऱ्याने आर-जी-बी वेगवेगळे घेतले, प्रत्येक फिल्टरला नव्याने फोकस करून, तरी डबलेटचे ब्लू चॅनलमधले तारे रेडपेक्षा ठळकपणे सुजलेले. ट्रिपलेटला तिन्ही जवळपास सारखे. फोटोशॉपमध्ये निळा हॅलो कमी करता येतो हे माहितेय, पण कृत्तिकांभोवतीचं रिफ्लेक्शन नेब्युला पण निळंच आहे, मग हॅलो कुठे संपतो आणि नेब्युला कुठे सुरू होतो हे कोण ठरवणार.

काचेच्या नावावर फार जाऊ नका हे पण सांगते. एफपीएल-५३ आणि एफसीडी१०० दोन्हींचा अ‍ॅबे नंबर (जितका जास्त तितके रंग कमी फाकतात) ९५ च्या जवळ, एफपीएल-५१ चा साधारण ८१.५, एवढं बघून लोक निर्णय घेतात. पण तिच्या जोडीला कुठली काच आहे, पॉलिश कसंय, सेलमध्ये (लेन्स धरणाऱ्या कड्यात) लेन्स कशा बसवल्यात, यावर निम्मं अवलंबून असतं. स्ट्रेल रेशोचा (लेन्स आदर्शाच्या किती जवळ आहे याचा आकडा) कागद मिळाला तर तो कुठल्या तरंगलांबीला मोजलाय ते बघा, बहुतेक वेळा हिरव्यालाच असतो आणि हिरव्याला सगळेच चांगले असतात. प्रश्न निळ्याचा आहे.

स्टार टेस्ट

१३० बाहेर काढल्या काढल्या ध्रुवावर लावला (ध्रुव जागचा हलत नाही म्हणून टेस्टला सोयीचा) तर डिफ्रॅक्शन रिंग्ज नुसत्या उकळत होत्या. तीन जाड काचा, हवेच्या तापमानाला यायला वेळ घेतातच. तासाभराने शांत झालं. मग फोकसच्या आत आणि बाहेर रिंग्ज जवळजवळ सारख्या, गोल, एका बाजूला सरकलेल्या नाहीत, फोकस आत-बाहेर करताना लंबगोल फिरत नाही म्हणजे अ‍ॅस्टिगमॅटिझम नाही. त्यानंतर भूतप मधला इझार लावला, पावणेतीन-तीन आर्कसेकंदाचा जोड पण एक तारा दुसऱ्यापेक्षा बराच फिका असल्यामुळे ८० मध्ये मला तो कधी नीट सुटला नव्हता. इथे नारिंगी ताऱ्याला लागून निळसर ठिपका, मध्ये काळी फट, स्वच्छ! बराच वेळ आयपीसवरून हटलेच नाही.

कडाक्याच्या थंडीत सेल आकसून लेन्स दाबली जाते आणि तारे तिकोनी दिसतात, ती टेस्ट थंड रात्र मिळाली की करायची आहे.

फोकसर आणि मागची जुळवाजुळव

साडेतीन इंची रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टीचा) फोकसर आहे. कॅमेरा, फिल्टर व्हील लावून नळी वेगवेगळ्या कोनात फिरवली, चारही कोपऱ्यातले तारे बघितले, टिल्ट बदलत नाहीये. क्रेफर्ड (दात्यांऐवजी घर्षणावर चालणारा फोकसर) एवढ्या वजनाला घसरू शकतो म्हणून मी तिकडे गेलेच नाही. मोटर फोकसर मात्र लगेच लावा, एफ/७ ला फोकसची मुभा साधारण १३० मायक्रॉनची म्हणजे पुढेमागे पासष्ट-पासष्ट, आणि ९० सेंटिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची नळी तापमान पाच अंश उतरलं की शंभरेक मायक्रॉन आकसते. म्हणजे रात्रीत तीन-चारदा तरी ऑटोफोकस हवाच.

फ्लॅटनरपासून (कोपऱ्यातले तारे नीट करणारी लेन्स) सेन्सर ५५ एमएम, आणि मध्ये फिल्टर असेल तर त्याच्या जाडीचा एक तृतीयांश वाढवायचा. माझं ५५.७ वर जुळलं, पातळ स्पेसर रिंग्ज घालून.

आता पुढे: ड्यू हीटर लावायचाय, केबल सगळ्या एकत्र बांधायच्यात, मग एम५१ वर भरपूर तासांचा डेटा. रिड्यूसरचं (फोकल लेंथ कमी करणारी लेन्स) ठरत नाहीये, ०.८ लावला तर एफ/५.६ होतो, दीडपटीपेक्षा जास्त वेग, आणि स्केल १.०७ म्हणजे माझ्या सीइंगला अजूनही पुरेसा. पण फोकसची मुभा ८४ मायक्रॉनवर येते आणि कोपऱ्यातल्या ताऱ्यांची खात्री नाही. कोणी १३० एफ/७ वर एपीएस-सी सेन्सरसोबत रिड्यूसर वापरत असाल तर एक कच्ची सब-फ्रेम (एकाच एक्स्पोजरचा फोटो) दाखवा, प्रोसेस न केलेली, कोपरे न कापता.