तुम्ही विचारलंत म्हणून : पाहुण्यांना मी त्या जुन्या आगबोटीवर का नेते?

भारतातून आमच्याकडे सॅन फ्रान्सिस्कोला जो कुणी येतो, त्याला मी गोल्डन गेटचा पूल नंतर दाखवते, आधी ‘जेरेमाया ओब्रायन’ या दुसऱ्या महायुद्धातल्या मालबोटीवर नेते. शिडी चढतानाच प्रश्न येतो. गेल्या उन्हाळ्यात मावशी म्हणाली, “अगं, साधी करडी मालबोट ही. हिच्यात बघायचं काय?” इंजिनाच्या आवाजात मला नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

माझे आजोबा मशीद बंदरला राहायचे. १४ एप्रिल १९४४ची दुपार त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली, की ती मी पाहिल्यासारखी आठवते. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ ही मालबोट पेटली. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, त्याच बोटीत कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेजारच्या ‘जलपद्म’ बोटीचं मागलं अंग उचललं जाऊन गोदीतल्या शेडच्या छपरावर पडलं. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. आजोबा ‘बोट फुटली’ एवढंच म्हणायचे आणि मग थोडा वेळ कुणी बोलायचं नाही.

पण ती बोट त्या दिवसाआधी काय करत होती, हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही. मी मोठेपणी विचारलं. १९४२ साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, प्रिन्स रुपर्टला ती बांधली गेली. जर्मन पाणबुड्या रोज बोटी बुडवत होत्या आणि ब्रिटनला धान्य, तेल, दारूगोळा हवा होता. म्हणून इंग्लंडमधल्या संडरलंडच्या एका गोदीतलं साधं आरेखन घेऊन कॅनडात ‘फोर्ट’ बोटी झाल्या आणि तेच थोडं बदलून अमेरिकेत ‘लिबर्टी’ बोटी झाल्या, एकूण २,७१०. ‘ओब्रायन’ ही त्यातली एक, १९४३ साली मेन राज्यात साउथ पोर्टलंडला बांधलेली. थोडक्यात, ज्या बोटीवर मावशी उभी होती ती आजोबांच्या त्या बोटीची चुलत बहीण. फरक आहेत. हिच्या सांगाड्याला वेल्डिंग, तिला रिव्हेट. हिला तेल, तिला कोळसा. पण जात एकच.

इंजिन चालवून दाखवतात त्या शनिवार-रविवारीच मी पाहुण्यांना नेते. लोखंडी पायऱ्या उतरत गेलं की अंगाला ऊब लागते आणि गरम तेलाचा वास येतो. समोर इंजिन, दुमजली घराएवढं आणि सगळं उघडं. त्या काळी टर्बाइन आणि डिझेल इंजिनं युद्धनौकांना आधी लागत, म्हणून मालबोटींना हे जुन्या घडणीचं इंजिन मिळालं. मला ती तडजोड वाटत नाही, शहाणपण वाटतं. कुठल्याही बऱ्या कारखान्यात बनेल आणि काल भरती झालेल्या पोरालाही शिकता येईल, असं ते यंत्र आहे. एकच वाफ तीनदा राबते. आधी लहान सिलिंडरमध्ये, मग मधल्यात, आणि जोर ओसरला की शेवटच्या, जवळजवळ सहा फूट रुंदीच्या सिलिंडरमध्ये. समुद्रात मिनिटाला सत्तरेक फेरे, वेग अकरा नॉट, म्हणजे ताशी वीसेक किलोमीटर, आपल्याकडच्या सायकलवाल्याइतका. त्या वेगाने अटलांटिक ओलांडायचा, आणि खाली कुठे पाणबुडी आहे ते कळायचं नाही.

तेलवाला फिरत्या क्रँकपाशी, म्हणजे बोटीचा मुख्य दांडा फिरवणाऱ्या भागापाशी, उभा राहून तिच्या लयीत हात आत घालतो, बेअरिंगला तळवा लावून पाहतो आणि पुढचा फेरा यायच्या आत बाहेर काढतो. बेअरिंग तापलं तर त्याच्या हाताला आधी कळतं. चार तासांच्या पाळीत हे किती वेळा करायचं! मी दर वेळी तिथेच सगळ्यात जास्त थांबते.

बाकी हिचं आयुष्य झपाट्याने सांगता येतं. १९४४ साली दोस्त राष्ट्रांचं सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं, तेव्हा तिथे इंग्लंडहून अकरा खेपा, पुढच्या सफरींमध्ये दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कलकत्तासुद्धा. युद्ध संपल्यावर सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सुइसन बे मध्ये शेकडो बोटींच्या रांगेत तेहतीस वर्षं नुसती उभी. १९७९ साली ती तिथून निघाली ती ओढून नव्हे, स्वतःच्या वाफेवर. आणि १९९४ साली, म्हाताऱ्या स्वयंसेवकांना घेऊन, त्या उतरणीच्या पन्नासाव्या स्मरणदिनासाठी पुन्हा नॉर्मंडीला जाऊन आली.

‘फोर्ट स्टिकिन’चा आपल्याला एकच दिवस माहीत आहे. २४ फेब्रुवारीला इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघून जिब्राल्टर, पोर्ट सैद, कराची करत ती १२ एप्रिलला मुंबईत पोचली. त्या सात आठवड्यांत रात्रंदिवस कुणीतरी असाच तळवा लावून पाहत होतं. ते दिवस मला कुठे भेटतात, तर या इंजिनरूममध्ये.

मावशी कठड्याला धरून बराच वेळ उभी होती. मग माझ्या कानाशी येऊन ओरडली, “आणि बाबांच्या त्या बोटीत कोळसा कुठून टाकत असतील गं?”

मी तिला बॉयलरकडे नेलं. हिच्या बॉयलरला तेलाची नळी आहे. त्या नळीच्या जागी भट्टीचं दार असतं, आणि आगवाला फावडं घेऊन इथे उभा राहिला असता, असं मी तिला बोटाने दाखवलं.