तुम्ही विचारलंत म्हणून : न्यू जर्सीला किती तास लागतात

लेक न्यू जर्सीला असते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "किती तास लागतात हो?" आकडा ऐकला की, "एवढंच? मग वरचेवर का नाही जात?"

तर ऐका. न्यू जर्सी न्यूयॉर्कला लागूनच. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण 12,500 किलोमीटर. थेट विमानाला जाताना 16 तासांच्या आसपास, येताना 14. कारण विमान उडतं त्या उंचीवरचा जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. यात आमचं सातारा ते मुंबईचा सहार विमानतळ धरलेलं नाही. खंबाटकी, खंडाळ्याचे घाट, वर तीन तास आधी पोचायचं. दाराला कुलूप घातल्यापासून तिच्या दारात चपला काढेपर्यंत सव्वा दिवस, लंडनला विमान बदललं तर दीड.

पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणलात तर तो पाकिस्तान, मध्य आशिया, रशियावरून आइसलंडला जातो. विमानाला तसं जाता येईलच असं नाही. रशियाचं आकाश 2022 पासून अमेरिकी कंपन्यांना बंद झालं, पाकिस्तानचं एप्रिल 2025 मध्ये आपल्या विमानांना.

आणि 13 जून 2025 ला इराणचं. लेकीचे दिवस भरत आले होते. आदल्या दिवशीच अहमदाबादला विमान कोसळलेलं. "तिकीट पुढं ढकल," हे म्हणाले. मी ऐकलं नाही. लंडनमार्गे जाणारं, पहाटेचं विमान. समोरच्या पडद्यावर नकाशा लावून बसले होते. बऱ्याच वेळानं त्यातलं विमान वळायला लागलं. मला वाटलं, पडदाच बिघडला. मग घोषणा झाली : इस्रायलनं इराणवर हल्ला केलाय, आकाश बंद आहे, आपण मुंबईला परत जातोय. कुणी आरडाओरडा केला नाही. पलीकडच्या बाई रामरक्षा म्हणत होत्या आणि मध्येच चुकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होत्या.

सहारला पट्ट्यावरून माझी बॅग आली, लंडनच्या टॅगसकट. आत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा. फोन चालू केला तर जावयाचा निरोप : "आई, ॲडमिट केलंय." तिथंच ट्रॉलीवर बसले. कुठल्या खिडकीवर गेलं की दुसरं तिकीट मिळतं, हे कुणी धड सांगेना. नात मी डोंबिवलीला भावाच्या घरी, मोबाइलवर पाहिली. लेक हसत होती. मला तिचा राग आला, का ते विचारू नका.

"एवढ्या लांब पाठवलीतच कशाला?" असंही विचारून झालंय. तिला पाठवताना मीच सगळ्यांना सांगायचे, रात्री बसलं की दुसऱ्या दिवशी पोचतो. खोटं नव्हतं ते. बाकीच्यांच्या लेकी पुण्यात असून दिवाळीलाच येतात, त्यांना कुणी किलोमीटर विचारत नाही!

आता वरचेवर का जात नाही ते खरं सांगते. गुडघे आणि पैसे ही कारणं आहेतच. पण तिकडं आठ-दहा दिवस झाले की मलाच घर आठवायला लागतं. हे लेकीला सांगितलेलं नाही.

सध्या पुन्हा तिकीट बघतेय. हे म्हणतात दुबईवरून जा, स्वस्त पडेल. मी थेट विमानावर अडून बसलेय. त्यावरून रोज वाद होतो आणि तिकीट तेवढं महाग होतं.