पवनचक्कीमागचा पीळ : हवा नेमकी कुठल्या बाजूला फिरते?

पवनचक्कीमागची हवा कॉम्प्युटरवर हिशेब करून दाखवायचं, मागच्या नोंदीत अडकलेलं काम पाच आठवड्यांनी सुटलं. एनआरईएल या अमेरिकी ऊर्जा प्रयोगशाळेने अभ्यासासाठी कागदावर आखलेल्या ५ मेगावॉट संदर्भ पवनचक्कीमागे आता तिन्ही पात्यांच्या टोकांचे भोवरे मळसूत्रासारखे सलग दिसताहेत. पहिल्यांदा दिसले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, तरी घरातल्यांना उठवून दाखवले.

सेटअप तोच आहे. हवेच्या प्रवाहाचा हिशेब करणारं ओपनफोम, त्याला जोडायची पवनचक्क्यांसाठीची टर्बाइन्सफोम लायब्ररी आणि अ‍ॅक्च्युएटर लाइन ही पद्धत. म्हणजे पात्याचा आकार मेशमध्ये, हवेचे छोटे चौकोनी सेल पाडून केलेल्या जाळीत, घडवायचा नाही, पातं हवेवर जो जोर लावतं तो त्याच्या रेषेभोवतीच्या सेल्सवर पसरवायचा. सोरेन्सन आणि शेन यांनी २००२ मध्ये मांडलेली ही पद्धत घरच्या कॉम्प्युटरला झेपते. रोटरचा, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राचा, व्यास १२६ मीटर, वारा सेकंदाला ८ मीटर आणि सगळीकडे सारखा, मिनिटाला सुमारे ९.२ फेरे. मनोरा आणि नॅसेल (वरची यंत्रपेटी) अजून घेतलेले नाहीत.

आधी ४ मीटरचे सेल घेतले होते. पॅराव्ह्यू या चित्रं काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्यू-क्रायटेरियनचा (भोवरे ओळखायच्या मापाचा) काँटूर काढला की मळसूत्राऐवजी गुळगुळीत नळकांडं यायचं. तीन आठवडे मी क्यूची किंमत वरखाली करत बसलो, मग लॅम्बडा-२ हे दुसरं माप करून पाहिलं. तेच नळकांडं. शेवटी कागद घेतला. एक फेरा साडेसहा सेकंदांचा, तेवढ्यात वारा ५२ मीटर जातो, पाती तीन. म्हणजे लागोपाठच्या दोन भोवऱ्यांत फार तर १७ मीटर, आणि वेकच्या (चक्कीमागच्या मंद हवेच्या पट्ट्याच्या) कडेला हवा मंदावते म्हणून त्याहूनही कमी. जोर पसरवायची रुंदी मी सेलच्या दुप्पट, म्हणजे ८ मीटर ठेवली होती. शेजारचे भोवरे एकमेकांत विरघळणारच! रंग किंवा काँटूर बदलून ते परत येणार नव्हते.

सेल २ मीटरचे केले. रोटरभोवती आणि मागे १६० बाय १६० बाय ४०० मीटरचा भाग तेवढाच बारीक केला, तरी तिथे सुमारे १३ लाख सेल झाले. टाइमस्टेप, म्हणजे हिशेबातलं वेळेचं एक पाऊल, ०.०३ सेकंद, कारण पात्याचं टोक सेकंदाला ६० मीटर धावतं आणि एका पावलात त्याने एकापेक्षा जास्त सेल ओलांडू नये. वेगाच्या हिशेबासाठी साधी अपविंड स्कीम (शेजारच्या सेलवरून किंमत काढायची सोपी रीत) ठेवली तर बारीक मेशवरही भोवरे पुसट होतात. ती बदलल्यावरच चित्र उजळलं.

पण माझ्या मते या वेळची खरी कमाई वेगळी आहे. अ‍ॅनिमेशन पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की हवा पात्यांच्या दिशेने फिरतेय. मलाही तसंच वाटायचं. वाऱ्याकडून पाहिलं तर हा रोटर घड्याळाच्या दिशेने फिरतो, आणि मागे आडवा छेद घेतला तर त्यातले भोवऱ्यांचे ठिपकेही त्याच दिशेने सरकतात. हवा मात्र उलटी फिरते! हवा पात्याला ढकलते, तितक्याच जोराने पातं हवेला उलट ढकलतं. ठिपके सरकतात ते केवळ पातं पुढे जाऊन नवा भोवरा सोडतं म्हणून.

हे दाखवायला हब (पाती जोडलेला मधला भाग) केंद्र धरून पॅराव्ह्यूच्या कॅल्क्युलेटरमध्ये स्पर्शिकेच्या दिशेचा वेग काढला. निळा-पांढरा-लाल रंगपट्टा घेतला आणि पांढरा बरोबर शून्यावर ठेवला. रोटर फिरतो ती दिशा एका रंगाची, मागची हवा दुसऱ्या. अर्ध्या त्रिज्येवर हा वेग सेकंदाला ०.९ मीटरच्या जवळपास आला. हाताने केलेल्या मोमेंटम सिद्धांताच्या हिशेबाशी तो जुळतो, म्हणून समाधान आहे. या गतीने हवेला एक पूर्ण वळसा घ्यायला साडेतीन मिनिटांहून जास्त लागतात, तोवर ती पाच-सहा व्यास मागे गेलेली असते. टोकाचं मळसूत्र मात्र पन्नासेक मीटरच्या आतच एक फेरा पुरा करतं. दोन्ही एकाच चित्रात घालू नका, पाहणारा गोंधळतो.

आणखी एक, स्ट्रीमलाइनवर (वेगाच्या दिशेने काढलेल्या प्रवाहरेषेवर) विसंबू नका. ती एका क्षणाचा वेग धरून काढलेली असते, आणि हे भोवरे तर सतत पुढे वाहत असतात. मी रोटरसमोरून कण सोडून त्यांचे माग काढले, तेव्हा तो सौम्य, उलटा पीळ डोळ्यांना स्पष्ट दिसला.

१२ फेब्रुवारी २००८ चा डेन्मार्कमधल्या हॉर्न्स रेव्ह या समुद्रातल्या पवनचक्क्यांचा, चक्क्यांमागची हवा धुक्यामुळे दिसणारा तो फोटो पाहून मी या छंदात पडलो. आता येणाऱ्या वाऱ्यात खळबळ घालून हेच मळसूत्र कुठे तुटतं ते पाहायचंय. ते रन कालपासून सुरू आहे, हिशेबातल्या वेळेच्या ४० सेकंदांपर्यंत पोचलंय.