तुम्ही विचारलेत म्हणून: जुन्या संगणकावर व्हिडिओ संपादन अडकत कसे नाही?

आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहात मी सातही रात्री कॅमेरा लावून बसतो आणि पुढे महिनाभर त्या कीर्तनांचे संपादन घरच्या संगणकावर करतो. हा संगणक २०१२ सालचा आहे. त्यात इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आणि आठ जीबी रॅम आहे, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. मंडळातली तरुण मुले घरी येतात, दोन कॅमेऱ्यांचे चित्रण पडद्यावर शेजारी शेजारी चालताना पाहतात आणि दर वर्षी तोच प्रश्न विचारतात: “काका, आमच्या नव्या लॅपटॉपवर दोन क्लिपा जोडल्या तरी चित्र अडकते, मग तुमच्या या डब्यावर हे चालते तरी कसे?” कॅमेऱ्यातून आलेली फाइल मी जशीच्या तशी टाइमलाइनवर (प्रोग्रॅममधल्या क्लिपा मांडायच्या पट्टीवर) कधीच ठेवत नाही, आधी तिचे रूपांतर करून घेतो, एवढेच त्याचे उत्तर आहे. मात्र हे रूपांतर का करायचे ते समजले नाही तर ते चुकीचे केले जाते, आणि चुकीच्या रूपांतराने होणारा ताप अडकणाऱ्या चित्रापेक्षा मोठा असतो.

मलाही हे उशिरा समजले. चित्र अडकू लागले तेव्हा एका दुकानदाराच्या सल्ल्याने मी रॅम चारची आठ जीबी केली, आणि फरक शून्य पडला. तेच चित्रण साध्या प्लेअरमध्ये विनातक्रार चालत होते. संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये मात्र बाणाची कळ दाबून एक फ्रेम, म्हणजे चित्रणातले एक स्थिर चित्र, मागे गेले की पंखा घरघरू लागायचा आणि चित्र क्षणभराने जागचे हलायचे. टास्क मॅनेजर उघडून पाहिला तर रॅम निम्मी रिकामी होती आणि प्रोसेसरचे चारही कोअर शंभर टक्क्यांवर होते. दुखणे साठवणीचे नव्हते, उलगडण्याचे होते.

रेशन दुकानातली जुनी नोंदवही ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. पहिल्या ओळीत नाव, गाव, जिन्नस असे सारे लिहिलेले असते आणि पुढच्या ओळींत ‘वरीलप्रमाणे’ लिहून फक्त बदललेला आकडा टाकलेला असतो. अशा वहीत जागा वाचते, पण बारावी ओळ वाचायची तर बोट पुन्हा पहिल्या ओळीपर्यंत न्यावे लागते. आपल्या कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये वापरली जाणारी एच २६४ ही पद्धत नेमकी अशीच लिहिते. तिच्यात साधारणपणे अर्ध्या ते एका सेकंदाने एक पूर्ण फ्रेम येते, मधल्या फ्रेममध्ये केवळ बदल नोंदलेले असतात, आणि त्यातल्या काही फ्रेम तर ‘खालील नोंदीप्रमाणे’ म्हणून पुढे येणाऱ्या फ्रेमकडे बोट दाखवतात. प्लेअर वही वरून खाली सरळ वाचत जातो, म्हणून त्याला काही वाटत नाही. संपादन करणारा माणूस मात्र मधल्याच ओळीवर उडी मारतो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो, आणि प्रत्येक उडीला संगणकाला आधीची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून सगळी जुळवाजुळव नव्याने करावी लागते.

रूपांतर म्हणजे ही वही एकदाच पूर्ण लिहून काढणे. डीएनएक्सएचआर आणि प्रोरेस या पद्धती संपादनासाठीच बनवलेल्या आहेत. त्यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असते. अर्थात फाइल फुगते. माझ्या हँडीकॅमचे एव्हीसीएचडी (एच २६४ वरच बेतलेल्या पद्धतीचे) चित्रण सेकंदाला जास्तीत जास्त २४ मेगाबिट घेते, म्हणजे तासाला सुमारे ११ जीबी. तेच डीएनएक्सएचआरच्या एसक्यू दर्जात, फुल एचडी आणि सेकंदाला २५ फ्रेम धरून, सेकंदाला सुमारे १२० मेगाबिट, म्हणजे तासाला सुमारे ५४ जीबी होते. दोन तासांचे कीर्तन आणि दोन कॅमेरे धरले तर एका रात्रीचे दोनशे जीबीहून अधिक झाले. त्यामुळे मी एका वेळी एकाच कीर्तनाचे रूपांतर करतो आणि ते काम पूर्ण झाल्यावर रूपांतरित फाइली पुसून टाकतो. मूळ फाइली कधीही पुसत नाही.

ओझे आता प्रोसेसरवरून डिस्कवर आले, आणि इथेही मी एकदा फसलो. आठ मेगाबिटांचा एक एमबी होतो, म्हणून दोन क्लिपा एकदम चालवायच्या तर सेकंदाला ३० एमबी वाचावे लागतात. साधी अंतर्गत हार्ड डिस्क शंभराच्या आसपास सहज देते, पण मी सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर ठेवून ती संगणकाच्या पुढच्या बाजूच्या जुन्या यूएसबी खाचेत लावली होती. यूएसबी २.० प्रत्यक्षात तीस-पस्तीसच्या पुढे जात नाही. चित्र पूर्वीसारखेच अडखळू लागले आणि मी दोन दिवस रूपांतरालाच दोष देत बसलो. तीच डिस्क मागच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या वेगवान खाचेत लावताच सगळे सुरळीत झाले.

मोबाइलच्या चित्रणाचे दुखणे याहून वेगळे आहे आणि हल्ली बहुतेकांचा प्रश्न त्याबद्दलच असतो. बऱ्याच नव्या फोनमध्ये एच २६४ ऐवजी एचईव्हीसी (एच २६५) ही पद्धत वापरली जाते. ती जागा आणखी वाचवते, पण उलगडायला कितीतरी जड आहे, आणि इंटेलच्या प्रोसेसरमध्ये तिच्यासाठी पूर्ण हार्डवेअर सोय आली ती २०१५ च्या सहाव्या पिढीपासून. माझ्यासारख्या यंत्रावर तो सारा भार सॉफ्टवेअरवर पडतो. आयफोनवर चित्रण करणाऱ्यांना मी सांगतो की सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या फॉरमॅटखाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा, म्हणजे फोन एच २६४ वापरतो, आणि फुल एचडीमध्येच चित्रण करा, म्हणजे अर्धा त्रास मुळातच टळतो.

उरलेला अर्धा त्रास बदलत्या फ्रेमदराचा असतो. फोनवर सेकंदाला ३० फ्रेम लिहिलेले असले तरी उजेड कमी झाला की फोन मध्येच फ्रेम कमी-जास्त करतो. एका वर्षी माझा कॅमेरा बंद पडला आणि एका मुलाने फोनवर घेतलेले कीर्तन मी तसेच टाइमलाइनवर टाकले. सुरुवातीला सगळे ठीक होते. चाळिसाव्या मिनिटाला पाहतो तर टाळकऱ्याच्या हातातले टाळ अजून वीतभर लांब आहेत आणि त्यांचा आवाज होऊनही गेला आहे! कीर्तनात ही चूक लपत नाही, कारण पडद्यावर वीस जण एकाच वेळी तेच करीत असतात. म्हणून मोबाइलच्या फाइलीचे रूपांतर करताना ‘स्थिर फ्रेमदर’ हा पर्याय निवडावाच लागतो, आणि तो दर मूळ चित्रणाच्या जवळचा ठेवावा लागतो. माझा हँडीकॅम २५ चा आहे म्हणून फोनचे ३० चे चित्रण रूपांतरातच २५ वर आणण्याचा मोह होतो, पण तसे केले की कॅमेरा फिरवलेल्या ठिकाणी चित्र हिसके देऊ लागते.

इथेच प्रॉक्सीविषयीही सांगितले पाहिजे. केडेनलाइव्ह आणि शॉटकट या मोफत प्रोग्रॅममध्ये मूळ चित्रणाची छोटी, हलकी नक्कल बनवून तिच्यावर काम करण्याची आणि शेवटच्या रेंडरला (तयार व्हिडिओ फाइल बनवताना) आपोआप मूळ फाइल वापरण्याची सोय आहे. फोर-के चित्रणासाठी हाच मार्ग योग्य आहे, कारण त्याचे पूर्ण आकारातले रूपांतर ठेवायला माझ्याकडे डिस्क नाही. मात्र बदलत्या फ्रेमदरावर प्रॉक्सी हा इलाज नव्हे: रेंडर करताना प्रोग्रॅम पुन्हा त्याच मूळ फाइलीकडे वळतो आणि टाळ पुन्हा चुकतात. अशी फाइल आधी स्थिर दरात उतरवून घ्यावी आणि तीच मूळ समजून पुढचे काम करावे.

रूपांतराने चित्राचा दर्जा वाढतो, असा एक समज मला वारंवार भेटतो. तो खरा नाही. मंडपातल्या अंधारात जे दाणेदार आले आहे ते पाचपट मोठ्या फाइलीतही दाणेदारच राहते. वाढते ती फक्त हाताळण्याची सोय.

रूपांतरासाठी मी शटर एन्कोडर वापरतो. तो मोफत आहे आणि त्याच्या आत आज्ञा टंकून चालवायचे एफएफएमपेग हे रूपांतराचे साधन काम करते, त्यामुळे आज्ञा टंकायची सवय नसलेल्यालाही तो जमतो. प्रथम मी कार्डावरचे सगळे फोल्डर जसेच्या तसे डिस्कवर उतरवतो, कारण एव्हीसीएचडी कॅमेरा लांब चित्रणाचे तुकडे करतो आणि सुट्या फाइली उचलल्या तर सांध्यावर आवाजात बारीकशी खोच राहू शकते. मग एक मिनिटाच्या तुकड्यावर चाचणी घेतो. हलणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसल्या तर चित्रण इंटरलेस्ड आहे, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची आहे, हे ओळखून ती नीट जुळवणारा डीइंटरलेसचा पर्याय लावतो. त्यानंतर रात्री जेवण झाल्यावर सगळी यादी लावून देतो. हँडीकॅमचे काम चित्रणाच्या निम्म्याहून कमी वेळात उरकते. मोबाइलच्या फोर-के फाइलीला जवळजवळ तिच्या लांबीइतकाच वेळ लागतो, पण त्या वेळी मी झोपलेलो असतो.

सकाळी चहा घेताना प्रत्येक रूपांतरित फाइल उघडून थेट शेवटच्या मिनिटावर जातो. तिथे आरती चालू असते. टाळ्या आणि त्यांचा आवाज जुळतो की नाही ते एकदा पाहतो, मूळ फाइलींची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर गेली आहे याची खात्री करतो, आणि मगच कार्ड कोरे करून संध्याकाळच्या कीर्तनासाठी पिशवीत टाकतो.