गळीत हंगाम, चार सर्व्हर आणि सेफ

मांजरा नदीच्या पट्ट्यातल्या एका साखर कारखान्याचा ईडीपी, म्हणजे संगणक विभाग मी सांभाळते. एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर विकणारी व्हीएमवेअर ही कंपनी ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये ताब्यात घेतली, पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत आणली, आणि तेव्हापासून ओळखीच्या कारखान्यांतून, पतसंस्थांतून मला फोन येतात. "तुम्ही प्रॉक्समॉक्सवर गेलात म्हणे. स्टोरेज बॉक्सपण काढला म्हणे. चालतंय का?" प्रॉक्समॉक्स हे त्याच कामाचं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, आणि स्टोरेज बॉक्सच्या जागी आता सेफ (Ceph) हे सॉफ्टवेअर सर्व्हरमधल्याच डिस्कवर डेटा सांभाळतं. फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

चालतंय. आणि स्टोरेज-नेटवर्क सॉफ्टवेअरच्या हवाली करायची ही पद्धत मोठ्या शहरांपेक्षा आपल्या भागाला जास्त उपयोगाची आहे, असं माझं ठाम मत झालंय. पुण्या-मुंबईत स्टोरेज बॉक्सचा कंट्रोलर, म्हणजे डिस्कचा कारभार बघणारा भाग, जळाला तर दुपारपर्यंत सुटा भाग घेऊन माणूस दारात येतो. आपल्याकडे तो दुसऱ्या दिवशी येतो. मधे रविवार आला तर तिसऱ्या.

आमच्याकडे दुसऱ्या दिवसाचा अर्थ काय होतो ते कारखान्यात काम केलेल्यालाच कळेल. बॉयलर पेटला, मोळी टाकली गेली की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, वजनकाटा रात्रंदिवस चालू असतो. प्रत्येक ट्रॅक्टर-ट्रॉलीचं, ट्रकचं, बैलगाडीचं वजन दोनदा होतं, भरलेलं आणि रिकामं. त्या वजनावरूनच शेतकऱ्याचं बिल निघतं, तोडणी आणि वाहतुकीचे पैसे निघतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराचे पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर १५ टक्क्यांनी व्याज. हा सगळा हिशेब सर्व्हर रूममध्ये आहे. शिवाय तोडलेला ऊस थांबत नाही, तो वाळतो. वजन शेतकऱ्याचं घटतं, उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, कारखान्याची.

जुनी मांडणी बहुतेक ठिकाणी असते तशीच होती. दोन सर्व्हर, त्यांच्यामागे एक सामाईक स्टोरेज बॉक्स, त्यात दोन कंट्रोलर. एक कंट्रोलर गेला तर दुसऱ्याने भार उचलायचा, असा सगळा हिशेब. हंगाम भरात असताना एका रात्री पहिला गेला आणि दुसऱ्याने भार उचललाच नाही. काट्यावरून फोन आला, "मॅडम, वजन दिसू लालंय, पण पावती निघंना." रात्रभर हाताने पावत्या लिहिल्या. गाडीतळ भरला, रस्त्यावर रांग लागली. दोन्ही सर्व्हर ठीक होते, बॉक्समधल्या डिस्कही ठीक होत्या. माहितीचा एक बाइटही गेला नव्हता, पण तिच्यापर्यंत जायची वाट त्या एका बॉक्समधून होती आणि त्या बॉक्सचा भाग इथून चारशे किलोमीटरवर होता. एएमसीवाल्यांनी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार घेतलेल्यांनी, करारात लिहिलेल्या वेळेतच तो आणून दिला. माझं भांडण त्या करारातल्या वेळेशीच होतं.

त्यानंतर मी शोधायला लागले की हा बॉक्स मुळात लागतोच का.

सर्व्हर आभासी करणं आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, केव्हीएम ही आभासी सर्व्हर चालवायची सोय २००७ साली आली आणि एका यंत्रावर दहा-वीस व्हीएम, म्हणजे आभासी सर्व्हर, चालवणं ही साधी गोष्ट झाली. पण व्हीएम जिथे राहतात ते स्टोरेज आणि ज्यावरून बोलतात ते नेटवर्क बराच काळ खास यंत्रांतच अडकून राहिलं. तेही हळूहळू सुटलं. नेटवर्कच्या बाजूने स्टॅनफर्डमधून २००८ च्या सुमारास ओपनफ्लो आलं. माहितीचं पाकीट पुढे ढकलायचं काम स्विचने करावं आणि कुठे ढकलायचं हे वेगळ्या सॉफ्टवेअरने ठरवावं, ही त्यामागची कल्पना. त्याच मंडळींनी काढलेली निसिरा ही कंपनी व्हीएमवेअरने २०१२ मध्ये सव्वाशे कोटी डॉलरहून जास्त मोजून घेतली. स्टोरेजच्या बाजूने सेज वाइल यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझमध्ये पीएचडी करताना सेफ लिहिलं. ते आजही मुक्त स्रोत आहे, सर्नसारख्या भौतिकशास्त्राच्या मोठ्या संशोधन संस्थेत चालतं, आणि तेच सॉफ्टवेअर आमच्या काट्याचा डेटा सांभाळतं. मला याचं अजूनही मोल वाटतं.

सेफ काय करतं ते जरा नीट सांगते, कारण विश्वास बसायला ते कळावं लागतं. व्हीएमची डिस्क म्हणजे सेफच्या दृष्टीने ४ एमबीचे तुकडे. १०० जीबीची डिस्क असेल तर २५,६०० तुकडे. प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती, तिन्ही वेगवेगळ्या सर्व्हरवर. कोणता तुकडा कुठे आहे याची यादी कुठेच ठेवलेली नसते. तुकड्याच्या नावावरून गणित करून जागा काढली जाते, त्या गणिताला क्रश म्हणतात. कोणत्याही सर्व्हरने ते केलं तरी उत्तर तेच येतं. यादी सांभाळणारं एकच यंत्र नसल्यामुळे ते बंद पडून सगळं अडण्याचा प्रश्नही येत नाही. लिहिताना तिन्ही प्रती डिस्कवर पोचल्याशिवाय "झालं" असं उत्तर व्हीएमला मिळत नाही. एक सर्व्हर बंद असेल तर उरलेल्या दोन प्रतींवर काम चालू राहतं. एकच प्रत उरली तर नेहमीच्या मांडणीत सेफ त्या तुकड्यांवरचं काम थांबवतं. इथे बरेच जण घाबरून किमान दोन प्रतींची ही मर्यादा एकवर आणतात. आणू नका. एकुलत्या एका प्रतीवर पुढे लिहीत राहणं म्हणजे हंगामाचा हिशेब एका डिस्कच्या भरवशावर टाकणं.

तीन सर्व्हरवर हे चालतं, तरी मी चारांसाठी अडून बसले. तीनपैकी एक गेला तर तिसरी प्रत ठेवायला नवी जागाच उरत नाही. सर्व्हर दुरुस्त होईपर्यंत दोनच प्रतींवर दिवस काढायचे. चार असतील तर गेलेल्या सर्व्हरवरच्या प्रती उरलेल्या तिघांवर आपोआप पुन्हा तयार होतात. सर्व्हर गप्प झाल्यावर सेफ १० मिनिटं वाट बघतं आणि मग कामाला लागतं. भाग पुण्याहून उद्या येवो की परवा, काटा चालू राहतो आणि प्रतीही तीनच्या तीन होतात.

जागेचा हिशेब मात्र संचालकांपुढे स्पष्ट मांडावा लागतो. चार सर्व्हर, प्रत्येकात ३.८४ टीबीच्या चार एसएसडी, म्हणजे कागदावर ६१ टीबी. तीन प्रतींमुळे त्याचे २० राहिले. एक सर्व्हर गेल्यावर त्याचा माल बाकीच्यांत मावला पाहिजे म्हणून १५ धरा. डिस्क ८५ टक्के भरली की सेफ इशारा देतं आणि ९५ टक्क्यांना लिहिणंच बंद करतं, म्हणून मी १२ च्या पुढे जाऊ देत नाही. चीफ अकाउंटंट साहेबांनी विचारलं, "६१ घ्यायचे आणि १२ वापरायचे?" त्यांना मी त्या रात्रीच्या हाताने लिहिलेल्या पावत्यांचा गठ्ठा दाखवला.

खरेदीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि मराठवाड्यात तिला फार महत्त्व आहे. स्टोरेज बॉक्स घेताना पुढच्या पाच वर्षांचा अंदाज बांधून एकदम पैसे घालावे लागतात. आपल्याकडे पुढच्या हंगामाच्या टनेजचा अंदाज कुणाला बांधता येतो? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. उसाला पाणी नाही तिथे कारखान्याला गाळप नाही, आणि गाळप नसलेल्या वर्षी संगणकाच्या बजेटचं नाव कुणी काढत नाही. सेफमध्ये पाऊसपाणी चांगलं झालं त्या वर्षी एक सर्व्हर वाढवता येतो आणि दुष्काळात आहे त्यावर भागवता येतं. नवा सर्व्हर जुन्याच कंपनीचा असायला हवा असंही नाही. जोडला की सेफ स्वतःच तुकडे हलवून वाटणी नव्याने करतं, तेही काम चालू असताना. माझ्यासाठी या पद्धतीचं सगळ्यात मोठं बळ हेच.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. व्हीलॅन म्हणजे एकाच नेटवर्कचे आकडे देऊन पाडलेले वेगळे भाग, आणि ते आकडे ४,०९४ पर्यंतच जातात. व्हीएक्सलॅन या नव्या पद्धतीत ते एक कोटी साठ लाखांच्या पुढे जातात, पण आपल्याला त्याची गरज नाही. उपयोग आहे तो वेगळाच. सर्व्हर रूम आणि शेतकी ऑफिस यांच्यामधलं नेटवर्क कसंही असो, त्यावरून हवं ते आभासी नेटवर्क टाकता येतं आणि स्विचला हात लावावा लागत नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा, व्हीएक्सलॅन प्रत्येक पाकिटावर ५० बाइटचं वेष्टन चढवतं. खालच्या नेटवर्कचा एमटीयू, म्हणजे एका पाकिटात मावणाऱ्या बाइटची मर्यादा, १,५०० च राहिला तर व्हीएममधला १,४५० करावा लागतो. नाहीतर पिंग व्यवस्थित जातं, लॉगिनचं पान उघडतं आणि मोठा रिपोर्ट काढायला घेतला की सगळं अडकतं. असं दिसलं की आधी एमटीयू बघा, बाकी नंतर.

मला जास्त पटलं ते फायरवॉल. पूर्वी आत येणाऱ्या दारावर एक फायरवॉल आणि आत सगळे एकमेकांना मोकळे. आता नियम प्रत्येक व्हीएमच्या नेटवर्क कार्डालाच लागतात. काट्याच्या व्हीएमशी फक्त काट्यावरचे पीसी बोलतात आणि ती फक्त डेटाबेसशी बोलते. सीसीटीव्हीच्या यंत्राला यातलं काहीच दिसत नाही. व्हीएम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर गेली तर नियमही तिच्याबरोबर जातात. लेखा विभागातल्या एखाद्या पीसीवर रॅन्समवेअर आलंच तरी त्याला काट्यापर्यंत सरळ रस्ता मिळत नाही.

आता जिथे हात आखडता घेऊ नये त्या गोष्टी. एक गिगाबिटच्या स्विचवर सेफ उभं करू नका. प्रत्येक लिखाण नेटवर्कवरून आणखी दोन सर्व्हरकडे जातं, आणि एक गिगाबिट म्हणजे सेकंदाला जेमतेम १२५ एमबी. ४ टीबी माल पुन्हा भरायचा झाला तर त्यावर नऊ तास जातील आणि तेवढा वेळ काटाही कुंथत चालेल. १० गिगाबिट घ्या, आणि स्विच दोन घ्या, कारण स्टोरेज बॉक्स काढून त्याच्या जागी एकच स्विच ठेवला तर आपण होतो तिथेच राहिलो. एसएसडी दुकानातली साधी चालत नाही. वीज गेल्यावर हातातलं लिखाण पुरं करण्याची सोय असलेली सर्व्हरची एसएसडीच लागते, साध्यावर सेफ इतकं रेंगाळतं की लोक सेफलाच दोष देतात. सगळ्या सर्व्हरची घड्याळं जुळलेली हवीत. सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या सेफच्या मॉनिटर प्रोग्रामच्या घड्याळांत ०.०५ सेकंदाचा फरक पडला तरी सेफ तक्रार करतं, म्हणून इंटरनेट नसतानाही चालेल असा वेळेचा सर्व्हर आवारातच ठेवा.

हंगामात आमची वीज बगॅसवरच्या, म्हणजे उसाच्या चिपाडावर चालणाऱ्या सहवीज प्रकल्पातून येते, त्यामुळे चिंता कमी. पट्टा पडल्यावर सगळी मदार महावितरणवर, आणि नेमका तेव्हाच उन्हाळा. एसी बंद, बाहेर पारा ४२ च्या वर, यूपीएसवर किती वेळ काढणार? बंद करायचा क्रम मी छापून दारामागे लावलाय. आधी व्हीएम, मग सेफला "नोआउट" सांगणं, म्हणजे सर्व्हर मुद्दाम बंद होत आहेत, प्रतींची हलवाहलव करू नकोस. त्यानंतर एकेक सर्व्हर. चालू करताना उलट.

तीन प्रती म्हणजे बॅकअप झाला, असं समजणारे फार भेटतात. कुणी चुकून टेबल उडवलं तर ते तिन्ही प्रतींतून त्याच क्षणी उडतं. आमचा बॅकअप सर्व्हर शेतकी ऑफिसच्या इमारतीत आहे, सेफशी त्याचा संबंध नाही, त्याचे पासवर्डही वेगळे. दर महिन्याला कालची काट्याची व्हीएम तिथून उभी करून एका पावतीचं वजन ताडून बघतो.

शेवटी माणसांचं. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण बॉक्सवाल्याला जे पैसे जात होते त्यातले काही शिकण्यावर घालावे लागतात, आणि व्यवस्थापनाला हे आधीच सांगितलेलं बरं. विभागातली दोन्ही मुलं लातूरच्याच कॉलेजांतून शिकलेली. जुने डेस्कटॉप गोळा करून त्यांनी सरावासाठी छोटा क्लस्टर, म्हणजे मिळून काम करणाऱ्या यंत्रांचा गट, उभा केलाय. तिथे ती मुद्दाम डिस्क ओढतात, केबल काढतात आणि सेफ पूर्ववत कसं होतं ते वहीत टिपतात. रात्रपाळीला फोन घ्यायची जबाबदारी आता त्यांच्यावर आहे. ज्यांना आपल्याकडे हे करून बघायचंय त्यांनी सर्व्हर घ्यायच्या आधी आपली माणसं महिनाभर अशा सरावाला बसवा. आमच्याकडे यायचं असेल तर पट्टा पडल्यावर या, हंगामात मला बोलायला सवड नसते.