तुम्ही विचारलंत म्हणून: अभिभाषण आम्ही कशासाठी ऐकतो?

"साहेब, राष्ट्रपतींचं भाषण सरकारच लिहून देतं ना? मग ते ऐकायला तुम्ही सगळे तिथं बसता कशाला?" राज्यसभेतून निवृत्त झालो तरी लग्नकार्यात, सत्कार-समारंभात कुणी ना कुणी हे विचारतंच.

सरकारच लिहितं, खरं आहे. खात्याखात्यांतून मजकूर येतो, मंत्रिमंडळ मंजुरी देतं आणि राष्ट्रपती वाचतात. मूळ घटनेत तर प्रत्येक अधिवेशनाच्या सुरुवातीला अभिभाषण होतं. १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीनं ते वर्षातलं पहिलं अधिवेशन आणि सार्वत्रिक निवडणुकीनंतरचं पहिलं अधिवेशन, एवढ्यावर आणलं. बरंच झालं म्हणायचं. राष्ट्रपतींचं हिंदी भाषण तासाभराचं झालं की उपराष्ट्रपती इंग्रजी प्रतीतला पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचतात. तोवर मागच्या बाकांवर चहाचा विषय निघालेला असतो. बाकं वाजवायचं काम सत्ताधाऱ्यांचं, ते चोख होतं.

पण मी ऐकायचो ते दुसऱ्याच हिशेबानं. सरकार वर्षभर शंभर तोंडांनी बोलत असतं. मंत्री एक सांगतो, प्रवक्ता दुसरं, सचिव तिसरं. त्या दिवशी मात्र अख्खं मंत्रिमंडळ एका कागदाला बांधलं जातं, आणि त्या कागदात काय आलं नाही, तेही कायमचं नोंदलं जातं.

३१ जानेवारी २०२४ चंच घ्या. नव्या संसद भवनातलं ते पहिलं अभिभाषण, लोकसभेच्या सभागृहात झालेलं. द्रौपदी मुर्मूजींनी वाचलं की देशात पहिल्यांदाच कृषी निर्यात धोरण आखलं गेलं आणि त्यामुळं शेतमालाची निर्यात चार लाख कोटी रुपयांवर गेली. बाकं वाजली. कांद्याची निर्यात ८ डिसेंबर २०२३ पासून बंद होती! लासलगावच्या बाजार समितीत लिलावाला ट्रॅक्टर उभे करून भाव पडताना बघणाऱ्या माणसाला तो चार लाख कोटींचा आकडा कसा ऐकू आला असेल, याचा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

अशा वेळी खासदाराच्या हातात एक हत्यार असतं, ते लोकांना फारसं ठाऊक नाही. अभिभाषणाबद्दल आभारदर्शक ठराव मांडला जातो आणि त्याला दुरुस्ती सुचवता येते. तिचा साचा ठरलेला: "परंतु अभिभाषणात अमुक गोष्टीचा उल्लेख नाही याचा खेद वाटतो." अशा दुरुस्त्या ढिगानं येतात. छोट्या पक्षाच्या वाट्याला बोलायला मिनिटं मोजकीच येतात, तेव्हा अर्धं म्हणणं दुरुस्तीतच बसवावं लागतं. पंतप्रधानांचं उत्तर झालं की बहुतेक जण त्या मागं घेतात, उरलेल्या आवाजी मतदानात पडतात. माझ्याही पडल्या.

म्हणून हा सगळा देखावा, असं मी म्हणणार नाही. राज्यसभेत पाच वेळा सरकारला या दुरुस्त्यांनी हरवलंय: १९८०, १९८९, २००१, २०१५ आणि २०१६. २०१५ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या सीताराम येचुरींनी भ्रष्टाचार आणि काळा पैसा यांवरची दुरुस्ती लावून धरली. मागं घ्या म्हणून सरकारनं विनवलं, त्यांनी ऐकलं नाही, आणि ११८ विरुद्ध ५७ मतांनी ती मंजूर झाली. पुढच्याच वर्षी काँग्रेसच्या गुलाम नबी आझादांची दुरुस्ती मंजूर झाली. राजस्थान आणि हरियाणात पंचायत निवडणूक लढवायला शिक्षणाची अट घातली होती, तिच्याबद्दल. त्यानं सरकार पडलं नाही, अटही उठली नाही. लोकसभेत असं झालं असतं तर मात्र सरकारला तोंड दाखवायला जागा उरली नसती, म्हणून तिथं एवढी दक्षता.

"मग त्या दुरुस्त्यांनी कांद्याचं काय झालं?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. निर्यातबंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला ५५० डॉलरचं किमान निर्यात मूल्य (त्याहून स्वस्तात बाहेर पाठवायचं नाही) आणि ४० टक्के निर्यात शुल्क ठेवून. कांद्याच्या पट्ट्यातल्या नाशिक आणि दिंडोरीचं लोकसभेचं मतदान २० मे ला होतं. आता ती कुणाच्या दुरुस्तीनं उठली, हे तुम्हीच ठरवा.